गिनी पिगचं खुराडं: आधी सावली, मग जाळी

सिडकोतल्या आमच्या रो-हाउसच्या अंगणात खुराडं बांधायला घेतलं तेव्हा मिस्त्रीने हातातली पट्टी खाली ठेवून विचारलं, "सर, डुकरं पाळायची तर महापालिकेची परवानगी लागंल ना?" त्याला हसण्यात अर्थ नव्हता. नावच फसवं आहे. हा प्राणी डुकराच्या कुळातला नाही, उंदीर-खारीसारखा कुरतडणारा आहे, आणि आफ्रिकेतल्या गिनीशीही त्याचा संबंध नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांचा. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं, तेही मुख्यतः खाण्यासाठी. म्हणजे हा थंड डोंगरातला जीव, आणि आपण त्याला आणतो छत्रपती संभाजीनगरात. खुराड्याचा सगळा विचार इथूनच सुरू करायला हवा.

पण होतं उलटंच. "परदेशी प्राणी नाजूक, त्याला थंडीवाऱ्यापासून जपायचं" हा समज सगळ्यात जास्त घात करतो. इंटरनेटवरची खुराडी पाहून तशीच करून घेतली जातात: तीन बाजूंनी बंद, वर काळं छप्पर, तोंड दक्षिणेला. ती इंग्लंडच्या ओल्या थंडीसाठी आहेत. गिनी पिगला साधारण 18 ते 24 अंश तापमान मानवतं. तिशीच्या पुढे त्याच्या जिवावर बेतू शकतं, कारण त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही नीट जमत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत बंद लाकडी पेटी आणि भट्टी यांत फारसा फरक राहत नाही.

त्यामुळे जागा निवडताना घराची पूर्वेची भिंत धरा. दुपारनंतर घराचीच सावली पडते आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारी झड भिंतीवरच अडते. समोरची आणि बाजूची निम्मी भिंत जाळीची ठेवा, म्हणजे वारा खेळेल. नुसता पत्रा छपराला नको. प्लायवर चार बोटं फट सोडून पत्रा बसवा, त्याला वरून चुना मारा आणि जमलं तर उसाचं पाचट किंवा कडबा अंथरा. ज्वारीचा कडबा या कामाला उत्तम. खायला मात्र तो घालू नका. त्याची जाडजूड धाटं या जिवाला पेलत नाहीत, आणि कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांतल्या विषाने गुरं दगावतात हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

लाकडासाठी सागवानाचा हट्ट नको. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतली पॅलेटं भंगारवाल्यांकडे मिळतात. घेताना फळीवरचा शिक्का पाहा. गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाशेजारी इंग्रजीत 'एचटी' असेल तर लाकूड तापवून त्यातली कीड मारलेली असते. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ती फळी तिथेच सोडा. कुरतडणाऱ्या जनावराचं घर आहे, तो भिंत खाणारच.

"मग कोंबड्यांचा तयार पिंजराच काय वाईट?" मीही आधी तोच आणला होता. दुकानदार म्हणाला, जाळीचा तळ आहे, घाण खाली पडते, धुवायची कटकट नाही. गिनी पिगच्या तळपायावर केस नसतात. आठवडाभरात जिऱ्याच्या (हे आमच्या तपकिरी नराचं नाव) मागच्या पायाला लाल चट्टा उठला. तारेवर सतत उभं राहून पाय सोलवटतात, त्यात जंतू शिरून गळू होतं आणि ते बरं व्हायला महिने लागतात. तळ सपाट, भरीव हवा. त्यावर कागद आणि भरपूर सुकं गवत अंथरा. वखारीतला बारीक भुसा नको, तो नाकात जातो.

षटकोनी भोकांच्या कोंबडी-जाळीचंही तसंच. ती कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डमेश घ्या. गिनी पिग सशासारखा बीळ खणत नाही, म्हणून कुंपणाला पाया नको असंही वाटतं. तो खणत नाही हे खरं, पण घूस खणते. जाळी कुंपणाच्या बाहेर फूटभर आडवी पसरून मातीखाली दाबा. वरूनही झाकण हवंच: घार, शिक्रा, कावळा आणि अर्थात शेजारचा बोका. साधा आकडा बोका पंजाने उचलतो, म्हणून खटक्याची कडी लावा. मुंग्यांसाठी जुना उपाय चालतो, दुधाच्या कपाटासारखा पायांखाली पाण्याच्या वाट्या.

आकाराबद्दल लोक सहसा उंची विचारतात. त्याला उंचीचं काही नाही. तो चढत नाही, फारशी उडीही मारत नाही, तो पळतो. दोघांसाठी बंदिस्त भाग किमान चार फूट बाय दोन फूट, आणि त्याला जोडून जमिनीवर मोकळं आवार, सहा बाय चार मिळालं तर छान. मजल्यांची खुराडी दिसायला झकास, पण उभ्या शिडीवरून तो घसरतो. जनावराला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे, हेही जाता जाता.

'दोघांसाठी' हे मुद्दाम म्हटलं. तो कळपातला प्राणी आहे. स्वित्झर्लंडने 2008 पासून एकटा गिनी पिग पाळायला कायद्यानेच बंदी केली. सोबतीला ससा मात्र नको. सशाची एक लाथ पुरते, शिवाय सशाला त्रास न देणारे काही जंतू गिनी पिगला न्यूमोनिया करतात.

आवारात प्रत्येकाला लपायला जागा द्या. जुना माठ आडवा ठेवा, समोरासमोर दोन भोकं पाडा आणि कडा कानशीने घासा. एकच तोंड असलं तर दांडगा गडी दुबळ्याला आत कोंडतो. कण्हेरीखाली आवार मांडू नका, तिचं पान विषारी असतं.

खाण्याचा एकच गैरसमज सांगतो. 'पक्ष्यांसारखं धान्य घातलं की झालं.' 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी गिनी पिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही झाला. त्या निरीक्षणातून पुढे क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट निघाली. माणसासारखंच त्यालाही ते शरीरात तयार करता येत नाही. मुख्य आहार सुकं गवत, हरळीचं चालेल. जोडीला रोज कोथिंबीर, ढोबळी मिरची आणि पेरूची बारीकशी फोड. लसूणघासात कॅल्शियम जास्त, तो पिल्लांना आणि गाभण मादीला. एरवी मुतखड्याचा धोका.

ओल्या गोणपाटाचंही थोडं. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, तेव्हा जाळीवर टाकलेलं ओलं गोणपाट कूलरचं काम करतं. जुलैत तेच गोणपाट काही थंड करत नाही. अंथरूण तेवढं दमट होतं, कातडीला बुरशी लागते, मळलेल्या पाठच्या भागावर माशा अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. पावसाळ्यात रोज उलटं करून पाहायचं, कंटाळा नाही. उन्हाने कधी मलूल पडला, लाळ गाळू लागला, तर बर्फाचं पाणी ओतू नका. कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा आणि डॉक्टर गाठा. डिसेंबरच्या दहा-बारा अंशांच्या रात्री त्या मानाने सोप्या: कोरडं गवत दुप्पट, समोर पडदा, फारच गारठा असेल तर घरात.

आणि एवढं सगळं करूनही एप्रिल-मेच्या दुपारी त्यांना बाहेर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी आठपर्यंत आवारात, मग घरात. जिरं आणि मोहरी तेव्हा दिवाणाखाली शहाबादी फरशीला पोट टेकून पडलेले असतात. बाहेर चुना मारलेल्या त्या दुहेरी छपराच्या सावलीत, रिकाम्या खुराड्याखाली, शेजारचा बोका चारी पाय ताणून झोपलेला असतो.