माळ्यावरचा टॅबलेट? टेन्शन नॉट!

डेडलाइन्सच्या धबडग्यातही चित्रकलेचा किडा वळवळतोय? मग माळ्यावरचा तो जुना ग्राफिक्स टॅबलेट भंगारात टाकू नका. समजा, तो वॅकॉमचा इंट्युओस ३ आहे. २००४ साली आलेलं हे मॉडेल पेनचा दाब १०२४ पातळ्यांवर ओळखतं. आणि पेनला बॅटरीच नाही, त्याला वीज टॅबलेटच पुरवतो. म्हणजे सेल गळून पेन खराब व्हायची भीतीच नाही!

मग नव्या लॅपटॉपला जोडल्यावर तो नीट का चालत नाही? लोचा ड्रायव्हरचा आहे. कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने या मॉडेलला यादीतून वगळलंय. पहिला फंडा : कंपनीच्या साइटवरून जुना ड्रायव्हर उतरवा. आधी नवा काढून टाका, कारण दोघं एकत्र नांदत नाहीत.

तरीही जमलं नाही, तर पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. लिनक्सच्या गाभ्यातच वॅकॉमचे ड्रायव्हर असतात, आणि तुमचं विंडोज जिथल्या तिथे राहतं. फक्त हा प्रयोग घरच्या लॅपटॉपवर करा, ऑफिसच्या नको! आता फुकटातलं क्रिता उघडा, रेघ ओढा. दाबल्यावर ती जाड झाली? जिंकलात!

टॅबलेट त्याहून जुना, ॲपलच्या गोल एडीबी प्लगचा असेल, तर मात्र काम किचकट. १९९८च्या आयमॅकनेच ते पोर्ट काढून टाकलं होतं.

नवा टॅबलेट कधीही घेता येईल. त्याआधी या म्हाताऱ्याला एक रविवार तर द्या!