गळासाठी तंगूस कसा निवडावा?

पूर्णा नदीवर गळ टाकणाऱ्याचा मोठा मासा पुष्कळदा तंगूस तुटून निसटतो. असा मासा तोंडात गळ घेऊन जातो व मरण्याचा संभव असतो. म्हणून कोणता मासा धरावयाचा हे आधी ठरवावे व मग तंगूस घ्यावा.

लहान माशांस ०.२० मिलिमीटर जाडीचा तंगूस पुरतो. मोकळ्या डोहातील मध्यम रोहू व मृगळ यांस ०.३० मिलिमीटरचा घ्यावा. मरळ पाणवनस्पतींत दडतो व तेथे तंगूस घासला जातो. तेव्हा तो ०.४० मिलिमीटरहून कमी नसावा.

तंगूस बहुधा गाठीपाशी तुटतो. यास्तव गाठ ओली करून आवळावी. खरखरीत झालेला भाग कापून टाकावा. उन्हाने तंगूस कमकुवत होतो, म्हणून तो सावलीत ठेवावा. तुकडे काठावर टाकू नयेत. त्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात.

किती मासे धरावयाचे हेही ठरवावे. पावसाळ्यात रोहू, कटला व मृगळ अंडी घालतात. मरळीची जोडी पिलांची राखण करते. ती जोडी धरल्यास पिले इतर माशांच्या तोंडी पडतात. या दिवसांत घरापुरतेच मासे घ्यावेत व अंड्यावरील मासा पाण्यात सोडावा. त्यातच पुढील वर्षाची मासळी आहे.