डास चावला तर एचआयव्ही होतो?

नाही! डास रक्त पितो, पण एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही. सोडतो ती स्वतःची लाळ. शिवाय हा विषाणू त्याच्या पोटात चक्क पचून जातो. मिठी, एका ताटातलं जेवण, घाम, खोकला यांचीही भीती नको. वाटा मोजक्याच: निरोधाविना संभोग, दूषित रक्त किंवा सुई, आणि आईकडून बाळाला.

भारतात एचआयव्ही सापडला तो १९८६ मध्ये, मद्रासला. शोधाचं नेतृत्व करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, म्हणजे तिथल्या मराठी घरातल्या! त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ठेवायला सोय नव्हती, म्हणून ते चक्क घरच्या फ्रिजमध्ये! मग बर्फाचा डबा घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरची प्रयोगशाळा गाठली. तिथल्या तपासणीत सहा नमुने पिवळे पडले, म्हणजे त्यांत विषाणूची खूण सापडली, आणि ‘हा आजार आपल्याकडे नाहीच’ हा समज त्या दिवशी ढासळू लागला. घरच्या फ्रिजमधून देशाच्या आरोग्याचा इतिहास बदलावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

औषधांच्या कथेत मुंबई येते. एका रुग्णाच्या वर्षभराच्या तीन औषधांना पूर्वी दहा हजार डॉलरहून जास्त पडत होते. २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. आफ्रिकेतल्या असंख्य घरांना त्या किमतीने आधार दिला.

आपल्याकडे २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रांत औषधं मोफत मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती न चुकता घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा होऊन तसाच राहिला, तर संभोगातून जोडीदाराला लागण होत नाही. ही गोष्ट लग्नाच्या वयातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. गरोदरपणातच उपचार सुरू झाले, तर बाळही बहुधा सुखरूप राहतं.

सुई टोचली, निरोध फाटला? ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. लागण टाळणारी औषधं २८ दिवस घ्यावी लागतात. जितकं लवकर, तितकं बरं.

मनात शंका असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते आणि माहिती गुप्त राहते. आधी कुणाशी बोलावंसं वाटलं, तर १०९७ वर फोन करा. त्यालाही पैसे पडत नाहीत.