एका साप्ताहिकात जन्मलेली प्रतिज्ञा

मुलांनो, तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला एक पान असं असतं, की ज्यावर परीक्षेत कधीच प्रश्न येत नाही. ते पान प्रतिज्ञेचं! पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली ती तेलुगूत लिहिली आणि पुढे ती देशभरच्या शाळांत पोचली. रोज परिपाठाला आपण हात पुढे करून ती म्हणतो. इतकी पाठ, की झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवू.

अमेरिकेतल्या मुलांचीही अशीच एक प्रतिज्ञा आहे. शाळा भरली की ती वर्गातल्या झेंड्याकडे तोंड करून, उजवा हात छातीवर ठेवून उभी राहतात आणि एका सुरात म्हणतात. आपल्या झेंड्याशी आणि त्या झेंड्यामागच्या प्रजासत्ताकाशी मी एकनिष्ठ राहीन. हे राष्ट्र एक आहे, त्याचे तुकडे होणार नाहीत आणि इथे सर्वांना स्वातंत्र्य व न्याय मिळेल, असा तिचा साधारण अर्थ. मूळ इंग्रजीत आज ती अवघ्या एकतीस शब्दांची आहे. पण एवढ्याशा प्रतिज्ञेने केवढं रामायण घडवलं ते ऐकाल तर थक्क व्हाल! आणि त्यातली मुख्य पात्रं तुमच्याच वयाची आहेत, बरं का.

दारोदारी झेंडा

आधी एक सांगते. अमेरिकन माणसाला आपल्या झेंड्याचं भारी वेड. तुमच्यापैकी कुणाचे काका-मावशी तिकडे राहत असतील तर त्यांना विचारून पाहा. आपल्याकडे झेंडा म्हटलं की १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी डोळ्यांपुढे येतात. तिथे सण नको की वार नको! साध्या घराच्या ओसरीवर, पेट्रोल पंपावर, शेतातल्या कोठारावर, मोटारी विकणाऱ्या दुकानासमोर तो फडकत असतो. ४ जुलै हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी गावोगाव मिरवणुका, अंगणात भाजलेल्या हॉट डॉगची मेजवानी आणि रात्री आतषबाजी. झेंड्याच्या रंगांच्या कागदी बशा, टोप्या, टी-शर्ट, अगदी पोहण्याचे कपडेसुद्धा! गंमत म्हणजे झेंड्याचे कपडे शिवू नयेत, तो कागदी रुमालांवर छापू नये, असं त्यांच्याच ध्वजसंहितेत लिहिलेलं आहे. पण न पाळणाऱ्याला शिक्षा नाही, मग ऐकतो कोण? (आपल्याकडचा कायदा याबाबतीत पुष्कळ कडक आहे. तेव्हा प्रयोग करायला जाऊ नका.)

सामन्याआधी राष्ट्रगीत वाजवतात, त्याचीही एक गोष्ट आहे. १९१८ साली पहिलं महायुद्ध चालू असताना शिकागोत बेसबॉलच्या मोठ्या सामन्यांची मालिका होती. पहिल्या सामन्यात मध्येच बँडने ते गाणं वाजवलं आणि खेळाडू, प्रेक्षक सगळे उभे राहून गाऊ लागले. तिथून ही प्रथा जोरात पसरली. मजा अशी, की तेव्हा ते अधिकृत राष्ट्रगीत नव्हतंच! तो मान त्याला १९३१ साली मिळाला.

एवढं वेड का? हा देश जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या लोकांचा. कुणी इटलीहून आलेला, कुणी पोलंडहून, कुणी जपानहून. भाषा निराळी, धर्म निराळा, आजी-आजोबांच्या गोष्टी निराळ्या. या सगळ्यांना बांधणारी एखादी खूण तर हवी! ती खूण म्हणजे झेंडा. आणि तो मुलांच्या हाती दिला एका साप्ताहिकाने.

शंभर कार्डं, एक झेंडा

होय, अगदी तुम्ही आत्ता वाचताय तसल्याच एका साप्ताहिकाने! बॉस्टन शहरातून ‘द यूथ्स कंपॅनियन’ नावाचं मुलांचं साप्ताहिक १८२७ पासून निघत होतं. १८८८ साली त्याने मोहीम काढली, की प्रत्येक शाळेवर झेंडा लागलाच पाहिजे. मुलांनी पत्र पाठवलं की साप्ताहिक त्यांना शंभर कार्डं धाडी. एकेक कार्ड दहा सेंटला विकायचं. सगळी खपली की दहा डॉलर जमत आणि त्यात शाळेसाठी झेंडा येई. हिशेब करून पाहा, बरोबर येतो! झेंडे विकणारंही तेच साप्ताहिक, म्हणजे देशप्रेम आणि धंदा दोन्ही एकदमच साधत होतं. पण मला यातली कार्डं विकत दारोदार हिंडणारी मुलं जास्त आवडतात. शाळेवरचा झेंडा त्यांनी स्वतः मिळवलेला होता.

१८९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचल्याला चारशे वर्षं झाली. तो दिवस सगळ्या शाळांनी एकाच पद्धतीने साजरा करावा असं साप्ताहिकाने ठरवलं. तिथे फ्रान्सिस बेलामी हे गृहस्थ काम करत. पूर्वी ते धर्मोपदेशक होते. त्या कार्यक्रमासाठी त्यांनी छोटीशी प्रतिज्ञा लिहिली. मूळची फक्त बावीस शब्दांची! ८ सप्टेंबर १८९२च्या अंकात ती छापून आली. खाली लेखकाचं नावसुद्धा नव्हतं. त्यामुळे ती खरी कुणाची यावर पुढे चांगलाच वाद झाला. ‘तुकडे होणार नाहीत’ हे शब्द का घातले असतील, सांगा पाहू? गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं आपसात लढली होती. ते युद्ध संपून तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती.

सुरुवातीला प्रतिज्ञेत ‘माझा झेंडा’ एवढंच होतं. १९२३ साली काही लोकांना शंका आली, की परदेशातून आलेली मुलं ‘माझा झेंडा’ म्हणताना मनात आपल्या जुन्या देशाचा झेंडा आणत असतील तर? म्हणून मग देशाचं नाव घातलं गेलं. मनात काय चाललंय तेसुद्धा मोठ्यांना पक्कं करून घ्यायचं होतं, पाहा!

तेव्हा हात छातीवर ठेवत नसत. आपण प्रतिज्ञेला हात पुढे करतो ना, साधारण तसाच झेंड्याकडे उंच करत, फक्त तळहात आकाशाकडे. पुढे जर्मनीत हिटलरचं राज्य आलं आणि तिथे हात ताठ पुढे करून हिटलरला सलाम ठोकण्याची सक्ती झाली. ‘जेहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तो सलाम नाकारला, कारण देवाशिवाय कशालाही असं वंदन करायचं नाही असा त्यांचा धर्म. त्यांचे फार हाल झाले. अमेरिकेतही या पंथाची माणसं होती. त्यांच्या मनात प्रश्न आला, की मग झेंड्याला वंदन करणं तरी आपल्या धर्मात कसं बसतं?

खिसा धरून ठेवलेला हात

पेनसिल्व्हेनिया राज्यात मायनर्सव्हिल नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे. १९३५ च्या शरद ऋतूत तिथल्या शाळेत दहा वर्षांच्या बिली गोबिटसने प्रतिज्ञेच्या वेळी हात वर केला नाही. बाईंनी त्याचा हात धरून वर ओढायला सुरुवात केली. बिलीने आपला खिसाच घट्ट पकडून ठेवला! त्याची बहीण लिलियन बारा वर्षांची. तिने दुसऱ्या दिवशी आधी आपल्या बाईंना भेटून सगळं समजावून सांगितलं. त्या बाईंनी तिला जवळ घेतलं. एकाच शाळेतल्या दोन शिक्षिका, पण किती फरक! मी स्वतः शिक्षिका आहे, म्हणून ही गोष्ट वाचताना माझं लक्ष सारखं त्या दोघींकडेच जातं.

वर्गमित्र मात्र तिला खडे मारू लागले. बिलीने शाळेच्या मंडळाला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं. त्यात त्याने कळवलं, की माझं माझ्या देशावर प्रेम आहे, पण देवाची आज्ञा मला मोडता येत नाही. उपयोग झाला नाही. नोव्हेंबरात दोघांचं नाव शाळेतून काढून टाकलं. वडिलांच्या किराणा दुकानावर बहिष्कार पडला.

खटला चढत चढत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ जून १९४० रोजी निकाल लागला तो मुलांच्या विरुद्ध, आठ विरुद्ध एक! निकाल लिहिणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर स्वतः लहानपणी ऑस्ट्रियाहून आलेले. आले तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शाळेनेच त्यांना अमेरिकन केलं होतं. युरोपात युद्ध पेटलेलं असताना राष्ट्राची एकी सगळ्यात महत्त्वाची, आणि एकी झेंड्यातून येते, असं त्यांचं मत. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. पण निकाल ऐकून काही लोकांना वाटलं, की ही माणसं देशद्रोही असल्याचं न्यायालयानेच सांगितलं! जेहोवाच्या साक्षीदारांना ठिकठिकाणी मारहाण झाली. मेन राज्यातल्या केनेबंक गावी तर जमावाने त्यांचं प्रार्थनागृह जाळलं. आणि हे सगळं देशप्रेमाच्या नावाखाली, बरं का!

आता दुसरं चित्र बघा. ७ डिसेंबर १९४१ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. लगेच संशयाची सुई जपानी वंशाच्या अमेरिकनांकडे वळली. सुमारे १,२०,००० माणसांना घरदार सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवलं. त्यातले दोन तृतीयांश लोक अमेरिकेचे नागरिक होते. एप्रिल १९४२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी एक फोटो काढला. जपानी वंशाच्या छोट्या मुली छातीवर हात ठेवून, मान वर करून प्रतिज्ञा म्हणताहेत. सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय! आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या घरच्यांना बोचकी बांधायची होती. छावणीतल्या शाळांतही मुलं हीच प्रतिज्ञा म्हणत. सरकारने या अन्यायाबद्दल रीतसर माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी वीस हजार डॉलर दिले, पण त्यासाठी १९८८ साल उजाडावं लागलं.

म्हणजे एकीकडे प्रतिज्ञा म्हणत नाही म्हणून शाळेबाहेर काढलेली मुलं. दुसरीकडे मनापासून म्हणणारी, तरीही छावणीत डांबलेली.

झेंडादिनाचा निकाल

१९४२ साली दोन गोष्टी झाल्या. जूनमध्ये प्रतिज्ञा कायद्यात आली. आणि उंच केलेला हात हिटलरच्या सलामासारखा दिसतो हे सगळ्यांनाच खटकत होतं, म्हणून डिसेंबरात कायदा बदलून हात छातीवर आला.

त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनिया राज्याने सलाम सक्तीचा केला. मूल ऐकत नसेल तर शाळेतून काढायचं, आणि मूल शाळेबाहेर राहिलं म्हणून आईवडिलांना पन्नास डॉलरपर्यंत दंड आणि तीस दिवसांपर्यंत कैद! तिथल्या गॅथी आणि मेरी बार्नेट या दोन चिमुकल्या बहिणींनी सलाम केला नाही. त्या घरी पाठवल्या गेल्या. पुन्हा खटला, पुन्हा सर्वोच्च न्यायालय. मध्यंतरी काही न्यायाधीश बदलले होते, आणि तिघांनी तर मागच्या वेळी आपलं चुकलं असं उघड म्हटलं होतं. शिक्षक वर्गात चूक कबूल करायला किती कचरतात ते मला ठाऊक आहे. हे तर देशाचे न्यायमूर्ती!

१४ जून १९४३. हा अमेरिकेचा झेंडादिन. बाहेर जगभर युद्ध पेटलेलं. त्या दिवशी न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी निकाल वाचला. सहा विरुद्ध तीन मतांनी मुली जिंकल्या. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की लहानमोठ्या कोणत्याही अधिकाऱ्याला माणसाने काय मानावं हे ठरवण्याचा आणि ते त्याच्या तोंडून वदवून घेण्याचा अधिकार नाही. सक्तीने सर्वांचं एकमत करायला गेलात तर हाती येईल ती स्मशानशांतता.

पुढे १९५४ साली प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घातला गेला, त्यावरून आजवर वाद चालू आहेत. १९८९ साली तिथल्या न्यायालयाने निषेध म्हणून झेंडा जाळणाऱ्यालाही शिक्षा करता येणार नाही असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. हा निकाल आपल्याला पचायला जड जातो, नाही? तिथल्याही पुष्कळांना जातो. २०१६ साली कॉलिन केपर्निक हा फुटबॉलपटू काळ्या लोकांवरच्या अत्याचाराचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून राहिला, तेव्हाही निम्मा देश चिडला आणि निम्मा त्याच्या बाजूने बोलला. पण सरकारी शाळेत एखादं मूल आज प्रतिज्ञेला उभं राहिलं नाही, तर कायद्याने त्याला कुणी शिक्षा करू शकत नाही.

हा खटला समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. केरळात १९८५ साली दहावीतला बिजो इमॅन्युएल आणि नववी व पाचवीतल्या त्याच्या दोन बहिणी राष्ट्रगीताच्या वेळी ताठ उभ्या राहत, पण गात नसत. तीही याच पंथाची मुलं. शाळेने त्यांना काढलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आदराने उभं राहणाऱ्या मुलांनी राष्ट्रगीताचा अपमान केलेला नाही, त्यांना शाळेत परत घ्या. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल लिहिताना अमेरिकेतल्या त्या दोन्ही खटल्यांचा विचार केला होता.

आणि एक गंमत. अमेरिकेच्या न्यायालयीन कागदपत्रांत कारकुनांनी गोबिटस कुटुंबाच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं. बार्नेट कुटुंबाच्या नावाला तर शेवटी एक अक्षर उगाचच जास्तीचं जोडलं. कायद्याची पुस्तकं आजही तीच चुकीची स्पेलिंगं छापतात, आणि आपल्या निकालपत्रातही ती तशीच उतरली आहेत.