दिवाणावरच्या चार उशा

संपादकांचा निरोप आला, "या खेपेस साहित्यावर नको. घरातले काहीतरी लिहा." आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. घरातले म्हणजे काय लिहावे, या विवंचनेत दिवाणावर जाऊन आडवा झालो, तो मानेखालच्या उशीतून असा काही कुबट दर्प आला की विषयाची चिंता तेथेच मिटली!

आमचे बिऱ्हाड रत्नागिरीत. येथल्या पावसाचे कौतुक मुंबई-पुण्याच्या मंडळींनी खुशाल करावे. चार महिने कपाटातल्या पट्ट्यावर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर बुरशी पुसणाऱ्याने ते करू नये. आणि उशी तर बोलूनचालून कापडाची. झोपण्याच्या उशीचा अभ्रा निदान आठवड्याला बदलतो. शोभेच्या उशीकडे मात्र ती 'शोभेची' म्हणून कोणी पाहत नाही. प्रत्यक्षात तिच्यावर दुपारची तेल लावलेली डोकी टेकतात, चिवड्याचे हात पुसले जातात, आणि क्रिकेटचा सामना हरला की तीच भिंतीवर आपटली जाते.

'अभ्रा' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांना ढगावरून आलेला वाटतो. बिचाऱ्यांचा दोष नाही, शब्दच तसा मऊ आहे. पण तो आला फारसीतून. कपड्याचा वरचा पदर तो 'अब्रा' आणि आतला तो 'अस्तर'. असो. वर्गाबाहेर हे ऐकून घेणारे कोणी नसते, म्हणून येथे सांगून घेतले.

दसरा झाला की आमच्या घरी साफसफाईची वाटणी होते. सौभाग्यवती बँकेत असल्यामुळे वाटणी चोख असते. "डबे आणि माळा माझ्याकडे. दिवाण तुमच्याकडे," तिने जाहीर केले. वर, "मागच्या वर्षीसारखं करू नका," असेही बजावले. मागच्या वर्षी मी काय केले होते? फोमचा लोड ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर टाकला आणि आठवडाभर विसरलो. आणला तेव्हा तो हळदीसारखा पिवळा झाला होता, आणि बोट लावले तेथे भुगा पडत होता. फोमला ऊन सोसत नाही. त्याची खोळ काढून धुवावी, फोम ओलसर फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर ठेवावा, आणि पिळू तर मुळीच नये.

आमच्या दिवाणावर चार उशा आहेत. एक हा लोड, यंदा नवा. दोन बाजारच्या, आत पांढरा फायबर भरलेल्या. यांचे सोपे आहे. सालस जात! साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवाव्यात, नाहीतर धुलाईयंत्रात हळू फेऱ्यांवर टाकाव्यात. धोका पुढेच असतो. वरून उशी खणखणीत वाळलेली दिसते आणि पोटात ओल राहते; मग आठ दिवसांनी पुन्हा तोच दर्प. दोन दिवस उन्हात उलटसुलट करावी, दोन्ही तळव्यांत दाबून धरावी आणि गालाला लावून पाहावी. गार लागली तर आत ओल आहे असे समजावे. घरात कोणी दमेकरी असेल तर याची हयगय करू नये. डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि ओलीत वाढतात. कापडाला सोसत असेल तर अभ्रे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतल्याने ते मरतात.

डागांचे थोडे सांगतो. तेलाच्या डागावर पाणी घालू नये. टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झटकावी. मी पांढऱ्या खडूची पूडही वापरतो, आमच्या वर्गातला फळा अजून खडूचाच आहे. (रंगीत खडू घेऊ नये. मी एकदा घेतला आहे!) हळदीच्या डागाला साबण लागताच तो लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नये. हळदीचा रंग उन्हात उडतो. कापड पक्क्या रंगाचे असेल तर धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकावे.

आता चौथी उशी. ती आईची.

तिच्यात सावरीचा कापूस आहे. हा कापूस धुवायचा नसतो. त्याच्या तंतूवर मेणासारखा थर असतो, त्याला पाणी नकोसे असते. सावरीच्याच कुळातल्या एका झाडाचा कापूस पूर्वी जहाजांवरच्या जीवरक्षक जाकिटांत भरीत, तो याच गुणामुळे. धुतला की त्याचे गोळे होतात आणि नाजूक तंतू मोडतात. त्याला ऊन द्यावे, हलके थोपटावे. गुठळ्या झाल्याच तर वीतभर शिवण उसवून बोटांनी मोकळा करावा. हे काम पंखा बंद करून करावे, एवढे अनुभवाने सांगतो. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात अजून सावर आहे.

खरा प्रश्न कापसाचा नाही, अभ्र्याचा आहे. पांढऱ्या मॅटीवर आईने क्रॉसस्टिचने दोन पोपट आणि मध्ये एक डाळिंब भरले आहे. १९९१ साली, मी अकरा वर्षांचा असताना, आई तापाने पडली होती आणि घरी पाहुणे यायचे होते. तिला मदत करावी म्हणून मी तो अभ्रा सोडा घातलेल्या कढत पाण्यात भिजत टाकला. डाळिंबाचा लाल दोरा सुटला. पोपटांच्या भोवती, फांदीखाली, सगळीकडे गुलाबी पसरला. मी रडत तो ओला अभ्रा घेऊन अंथरुणापाशी गेलो. आईने उशीवरून मान उचलून पाहिले आणि म्हणाली, "असू दे. संध्याकाळ झाली म्हणू."

ती संध्याकाळ अजून आहे. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आणि काचबिंदूने तिची नजर गेली आहे. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. दुपारी दिवाणावर बसून ती ती उशी मांडीवर घेते आणि पोपटाच्या पाठीवरून बोटे फिरवते. चोचीपाशी आली की थांबते. धुण्यागणिक एखादा दोरा विरतो. आणि न धुवावे तर हातांचे तेल आणि घाम कापड खातात. सौभाग्यवतीने सुचवले, "चौकटीत बसवून काच लावू या." सूचना शहाणपणाची होती. पण काचेवरून बोट फिरवून आईला काय कळणार?

तेव्हा धुणे आले. आधी पांढरे फडके ओले करून डाळिंबावर हलकेच दाबले. रंग लागला नाही. लागला असता तर पाण्यात घातलाच नसता. (मीठ टाकले की रंग पक्का होतो, असे मीही वर्षानुवर्षे मानीत आलो. पण बादलीत मीठ टाकून कच्चा रंग घरी पक्का होत नाही, वाचकहो!) मग थंड पाणी, सौम्य साबण, पाच मिनिटे. चोळले नाही, नुसते तळहाताने दाबले. तीनदा स्वच्छ पाणी. पिळण्याऐवजी जाड टॉवेलात गुंडाळून ओल टिपली आणि उलटा करून सावलीत सपाट पसरला. इस्त्री उलट बाजूने, खाली टॉवेल घालून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. एरवी ही बाब शोभेची असते. आमच्या घरी तिच्यावर सारे अवलंबून आहे.

इस्त्री करताना दिसले, डाव्या पोपटाच्या पंखातला दोरा तुटला आहे. चार टाके. मी आईच्या जुन्या डब्यातून हिरवा दोरा शोधला, चष्मा कपाळावर चढवला आणि अर्ध्या तासात ते चार टाके घातले. कोणाला सांगितले नाही.

दुपारी अभ्रा चढवण्याआधी आईच्या हातात दिला. तिने हुंगला. मग वरून बोटे फिरवली, मग आत हात घालून मागून. पंखापाशी बोट थांबले.

"मागं गाठ मारल्येय कोणी?"

"मी, आई."

"गाठ मारायची नसते. दोरा टाक्यांखालून ओवून घ्यायचा." तिने अभ्रा माझ्या मांडीवर ठेवला. "उसव ते. आणि सुई आण. मी सांगते तसं घाल."