आयुष्याची दोरी आणि सकाळची मिश्री

दीर्घायुष्य हा विषय जाहीर झाला की श्रोते काही तरी दुर्मीळ ऐकायला मिळेल या अपेक्षेने येतात. कोणती मुळी उगाळावी, कोणते आसन करावे, कोणता काढा घ्यावा, असे प्रश्न खिशात तयार असतात. सुरगाण्यासारख्या रानाच्या शेजारी वसलेल्या गावात तर मुळीचा प्रश्न हमखास येणार. त्या श्रोत्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो. आम्ही बोलणार आहोत ते चुलीवरच्या तव्याविषयी. ज्या तव्यावर भाकरी होते, त्याच तव्यावर पुष्कळ घरांत तंबाखूही भाजली जाते. ती काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची भुकटी करायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटाने दातांवर घासायची. हीच ती मिश्री. कोणी तिला मशेरी म्हणतात.

विडी ओढणाऱ्याला आपण व्यसनी म्हणतो. मिश्री लावणारीला तसे म्हणत नाही. तिने फक्त दात घासलेले असतात! या एका समजुतीमुळे हे व्यसन घरात राजरोस नांदते. २०१६-१७ साली देशभर तंबाखूविषयी जी पाहणी झाली, तीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २७ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू घेताना आढळले. यात धूर ओढणारे चार टक्केही नव्हते. बाकी सारी तंबाखू चघळण्याची, गालात धरण्याची आणि घासण्याची. स्त्रियांचे प्रमाण १७ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यातील तंबाखूचा प्रश्न पानाच्या टपरीइतकाच स्वयंपाकघरातलाही आहे.

आता हिने होते काय? दात स्वच्छ तर होत नाहीतच. हिरड्या मात्र झिजून मागे सरतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. तोंडाच्या कर्करोगाशी बिनधुराच्या तंबाखूचे नाते आता वादाचा विषय राहिलेला नाही. परंतु आम्हांला अधिक बोलके वाटते ते मुंबईत झालेले एक संशोधन. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,२१७ गरोदर स्त्रियांची माहिती घेतली होती. त्यांतल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मिश्रीच लावणाऱ्या. त्यांच्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस भरण्यापूर्वीच बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळले. शंभर ग्रॅम म्हणजे फार नव्हे, असे एखाद्याला वाटेल. ज्या घरी मूल जन्मतःच अशक्त असते, त्या घराला विचारावे. आयुष्य कमी होण्याची सुरुवात कधी कधी जन्माच्याही आधी होते, ती अशी.

सरकारने काही केले नाही असे नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी झाली, आणि २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण कायदा कारखान्याच्या दारापर्यंत जातो, दुकानापर्यंत जातो; आमच्या चुलीवरच्या तव्यापर्यंत कसा येणार? तिथे घरच्याच माणसांनी पोचले पाहिजे.

मिश्री सोडून पाहिलेल्या बायांकडून आम्ही एक तक्रार वारंवार ऐकली आहे : मिश्री नाही लावली तर पोट साफ होत नाही. हे ऐकून शहाणी माणसे हसतात. हसू नये, कारण तक्रार खरी आहे. तंबाखूतले निकोटीन आतड्यांना चालना देते. वर्षानुवर्षे रोज सकाळी ती चालना मिळाली की आतडी तिची वाट पाहू लागतात, आणि ती मिळेनाशी झाली की काही दिवस रुसून बसतात. मेंदूचेही असेच. निकोटीन मेंदूला क्षणभर सुखावते. त्याचा अंमल दोन-तीन तासांत ओसरू लागतो आणि मन अस्वस्थ होते. ती अस्वस्थता पुन्हा मिश्री लावल्याने शमते, म्हणून मिश्रीनेच बरे वाटते असा समज होतो. वास्तविक काटा तिनेच टोचलेला असतो आणि काढल्याचे श्रेयही तीच घेते.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. बावीस वर्षे आम्ही स्वतः तळहातावर तंबाखू-चुना मळला. तीन वेळा सोडली आणि तीन वेळा धरली. प्रत्येक वेळी पाडव्याचा मुहूर्त, देवासमोर शपथ, डबी फेकून देणे, असा थाट असे. चौथ्या वेळी शपथ घेतली नाही. फक्त इतके पाहिले की हात डबीकडे जातो केव्हा? जेवण झाल्यावर ओसरीवर बसलो की, आणि एका विशिष्ट स्नेह्याची गाठ पडली की. तेव्हा जेवणानंतर ओसरीवर बसणेच बंद केले. उठून चालू लागलो. स्नेह्याला खरे ते सांगून टाकले. तोही पुढे आमच्याबरोबर चालू लागला, पण त्याची तंबाखू सुटली नाही, हेही सांगितले पाहिजे.

सवय एकटी राहत नाही. ती एखाद्या वेळेला, जागेला, माणसाला बांधलेली असते, आणि गाठ सोडायची तर ती तिथेच हुडकावी लागते. मिश्रीची गाठ आहे ती उठल्याबरोबरच्या त्या दहा मिनिटांशी. ती दहा मिनिटे रिकामी ठेवली तर बोट पुन्हा डबीत जाणारच. म्हणून त्या वेळी आधी कोमट पाणी प्यावे, मग ब्रशने किंवा बाभळीच्या-कडुनिंबाच्या काडीने दात घासावेत. घरात तंबाखू भाजणे बंद करावे, कारण त्या वासानेच तलफ येते. सासू लावते आणि सुनेने सोडावी, हे घडणे कठीण; दोघींनी मिळून सोडली तर पुष्कळ सोपे. पहिले तीन-चार दिवस चिडचिडीचे जातात, दोन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास मावळतो. तलफ आली तरी ती काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ हात कामात गुंतवावेत.

नवी सवय अंगी मुरायला किती दिवस लागतात? २०१० साली लंडनमधील एका अभ्यासाने याचे उत्तर शोधले. सरासरी ६६ दिवस. पण कोणाला १८ पुरले, तर कोणाला अडीचशेही लागतील असा अंदाज निघाला. त्यात एक दिलासाही आहे. मधे एखादा दिवस चुकला म्हणून आधीचे सारे वाया जात नाही. आमच्या पहिल्या तीन पराभवांचे कारण हेच होते की, एक चिमूट खाल्ली की आम्ही शपथ मोडली असे मानून पुरी डबी संपवत असू.

जाता जाता नागलीविषयी. पोट रुसते म्हणून मिश्री लावणाऱ्या घरात नागलीची भाकरी मात्र मागे पडत चालली आहे आणि तिच्या जागी पांढरा भात, गोड चहा आणि मैद्याची बिस्किटे येत आहेत. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नाही. नागलीतला कोंडा पोट साफ ठेवतो. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचे म्हणून पाळले, आणि आम्ही मात्र पाहुणा आला की नागली झाकून ठेवतो! सुरगाण्याच्या उतारावर जे पिकते तेच खाण्याची सवय मोडू नये, एवढेच आमचे म्हणणे.

एका सभेनंतर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "साठी उलटली. आता विडी सोडून काय मिळणार?" इंग्लंडमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षे हजारो डॉक्टरांच्या आयुष्याची नोंद ठेवली गेली. धूम्रपान करणारे इतरांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती दहाही वर्षे जवळजवळ परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनी तीन. हा हिशेब सिगारेटचा आहे, मिश्रीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. त्या गृहस्थांना मात्र तो पटला. नातीचे लग्न दोन वर्षांवर आहे, असे ते म्हणाले.

ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा शासनाचा विनामूल्य दूरध्वनी आहे. आणि सोडली असो वा नसो, महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड पाहावे. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडते का, हे बघावे. यांतले काही आढळले तर दुखण्याची वाट पाहू नये, कारण सुरुवातीला ते दुखतच नाही. इथून नाशिक घाटवळणांच्या रस्त्याने दूर पडते म्हणून पुष्कळजण पेरणी होऊ द्या, कापणी होऊ द्या, असे म्हणत राहतात. निदान गावातल्या रुग्णालयात त्याच आठवड्यात दाखवावे.