तरुणांची व्यसने मोजताना : स्मरणकालाचा प्रश्न

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग हा मुंबईतील दाट वस्तीचा आणि शाळा-महाविद्यालयांनी गजबजलेला भाग. तंबाखूजन्य कर्करोगाचे रुग्ण ज्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून येतात, ते 1941 साली परळ येथेच सुरू झाले. या वस्त्यांतील कुमारवयीन मुले तंबाखू, मद्य वा अन्य मादक पदार्थांकडे कितपत वळली आहेत, हे जाणण्याचा मुख्य मार्ग म्हणजे त्यांनाच विचारणे. मात्र ‘गेल्या किती दिवसांत?’ असे विचारले, यावर उत्तर बरेचसे अवलंबून असते. या कालमर्यादेस स्मरणकाल म्हणतात.

एकच विषय, निरनिराळे आकडे

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी 2019 साली शालेय विद्यार्थ्यांची तंबाखूविषयक पाहणी केली. तीत देशातील 13 ते 15 वर्षे वयाच्या सुमारे 18 टक्के विद्यार्थ्यांनी आयुष्यात केव्हा तरी तंबाखूचे सेवन केल्याचे सांगितले. मागील 30 दिवसांत सेवन करणारे 8.5 टक्के होते. पहिल्या आकड्यात कुतूहलापोटी एकदाच चव घेतलेला मुलगाही येतो, दुसऱ्यात बहुधा येत नाही. उलट, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, 2019 मध्येच प्रसिद्ध झालेल्या मादक पदार्थांच्या पाहणीत मागील 12 महिन्यांतील सेवन हे ‘सध्याचे सेवन’ मानले आहे. शब्द एकच, अर्थ दोन.

स्मृती कोठे चुकते

कालावधी लांबला की सेवन करणाऱ्यांची संख्या वाढते, पण किती वेळा व किती प्रमाणात हा तपशील पुसट होतो. किरकोळ प्रसंग विसरले जातात. मुले आठवण्याऐवजी अंदाज बांधतात. दुसरा दोष याच्या उलट आहे. जुनी घटना अलीकडचीच वाटून ती विचारलेल्या मुदतीत ओढली जाते. अमेरिकेतील नेटर व वाक्सबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 साली कौटुंबिक खर्चाच्या अभ्यासात हा दोष दाखवून दिला.

सात दिवसांची आठवण ताजी असते. तथापि अधूनमधून सेवन करणारा तीतून निसटतो. शिवाय तो आठवडा परीक्षेचा की सुट्टीचा, यावरही आकडा हलतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 55व्या फेरीत (1999-2000) खाद्यपदार्थ, पान, तंबाखू व मादक पदार्थांच्या खपाबाबत 7 आणि 30 दिवस अशा दोन्ही मुदतींनी विचारणा झाली. त्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलना कितपत ग्राह्य, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला.

शाळा व स्थानिक संस्थांसाठी

समजा, एखाद्या शाळेने गेल्या वर्षी ‘12 महिन्यांत’ असे विचारले आणि यंदा ‘30 दिवसांत’ असे. आकडा आपोआप घटेल. ती घट यश समजून समुपदेशन बंद केले, तर ज्या मुलांना त्याची गरज होती, ती एकाकी पडतील.

म्हणून प्रथम हेतू ठरवावा. प्रथम सेवनाचे वय जाणायचे असल्यास ‘आयुष्यात केव्हा तरी’, सध्याचा प्रसार जाणायचा असल्यास 30 दिवस, नेमके प्रमाण हवे असल्यास 7 दिवस ही मुदत सोयीची. दीर्घ मुदत अटळ असेल, तर सर्वांना ठाऊक असलेल्या खुणा द्याव्यात. गिरगावात 1893 पासून आणि लालबागेतही अनेक दशकांपासून सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा आहे; ‘गणपतीनंतर की आधी?’ हा प्रश्न तेथील मुलाला तारखेपेक्षा सहज उमगतो. पुढील पाहणी त्याच मुदतीने व त्याच महिन्यात करावी. उत्तरपत्रिकेवर नाव मागू नये. भीतीने दडवलेले उत्तर कोणत्याही स्मरणकालाने उघड होत नाही.

अहवालातील प्रत्येक टक्केवारीशेजारी तिचा स्मरणकाल लिहिला जावा. तो नसेल, तर ती टक्केवारी निर्णयासाठी वापरू नये.